शंभर म्हणजे शंभर काय?

कर्जत-खालापुरात जमिनीचा भाव विचारा, एजंट गुंठ्यात सांगतो. सातबारा उघडा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दिसतं. आणि आपल्या कोडमध्ये? ‘एरिया’ नावाचं व्हेरिएबल, त्यात नुसते १००. शंभर काय, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत होतं आणि तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला.

एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७. फरक इतका बारीक की टेस्टिंगमध्ये कुणाला खटकत नाही. पण शंभर गुंठ्यांच्या जागी शंभर आर धरले की ११७ चौरस मीटर गायब, म्हणजे गुंठ्याहून जास्तच. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही. कुणाच्या तरी हिशोबातली जमीन तेवढी कमी होते. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच एककांच्या घोळात गेलं. एका प्रोग्रामचे आकडे पाउंडात होते, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले.

तेव्हा ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता?’ हे मला सांगू नका.

पण टाइपस्क्रिप्टवर जायचं ठरलं की दुसरी फसवणूक सुरू होते. फायलींची नावं बदलायची, अडेल तिथे ‘एनी’ लिहायचं आणि मायग्रेशन झालं म्हणून ग्रुपवर केक कापल्याचा फोटो टाकायचा. ‘एनी’ म्हणजे कम्पायलरला ‘तू बघू नकोस’ असं सांगणं. नुसतं ‘नंबर’ लिहूनही भागत नाही, कारण गुंठा आणि आर दोन्ही नंबरच. त्यांचे वेगळे टाइप करा. एकाच्या जागी दुसरा गेला की बिल्डच अडला पाहिजे.

‘एवढं करायला वेळ कुठे आहे, त्यापेक्षा सगळं नव्याने लिहू’ म्हणणारेही असतात. त्यांनी कर्जत लोकलकडे बघावं. मध्य रेल्वेने मुंबईची १५०० व्होल्टची डीसी यंत्रणा २५ हजार व्होल्टच्या एसीवर नेली ती टप्प्याटप्प्याने. मेन लाइन २०१५ मध्ये पूर्ण झाली, हार्बर २०१६ मध्ये. मधल्या काळात दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या गाड्या होत्या. त्यासाठी कुणी वर्षभर लोकल बंद ठेवली नाही. टाइपस्क्रिप्टमध्येही जुन्या जावास्क्रिप्ट फायली नव्यांच्या शेजारी चालतात. ही सोय त्याचसाठी आहे.

मग सुरुवात कुठून? जिथे चूक झाली तर माणसाचं नुकसान होतं तिथून: क्षेत्र, रक्कम, सर्व्हे नंबर. १२/३ हा भागाकार नाही, तारीखही नाही. तो कुणाच्या तरी जमिनीचा हिस्सा आहे. बटणाच्या रंगाचा टाइप पुढच्या वर्षी लिहिला तरी चालेल.