न रडणाऱ्या पोरीचं कौतुक

हुपरीतल्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या स्टेटसवर पूर्वी पैंजणांचे नवे डिझाईन दिसायचे. आता मधूनमधून पोरींची जिम्नॅस्टिक्सही दिसते. सहा-सात वर्षांची पोरगी, दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवलेले, मागून कुणीतरी खांदे दाबतंय, ओठ घट्ट मिटलेले. खाली बापानं लिहिलेलं असतं, ‘आमची वाघीण. डोळ्यातनं टिपूस नाही.’

माझं भांडण त्या ‘टिपूस नाही’शी आहे, जिम्नॅस्टिक्सशी नाही. पोरीला उलट्या उड्या शिकवायला दुचाकीवर बसवून शहरातल्या क्लासला नेणारा बाप दोन पिढ्यांपूर्वी गल्लीत वेडा ठरला असता. हा बदल चांगलाच आहे, त्याला शंभर लाईक मिळोत.

पण मूल रडलं नाही म्हणजे त्याला दुखलं नाही असं नव्हे. ते चिवट आहे असंही नव्हे. बऱ्याचदा एवढंच, की आपण रडलो की पप्पांचा चेहरा पडतो हे त्याच्या लक्षात आलंय. पोरं याबाबतीत फार हुशार. टाळ्या कशाला मिळतात ते त्यांना दोन रविवारांत कळतं. मग ताण बसला तरी ‘नाही दुखत’, आणि कळ आली तरी ‘नाही दुखत’.

या दोन्हींत फरक आहे आणि तो फक्त पोरीलाच कळतो. जिम्नॅस्टिक्समध्ये सगळं अंग पुन्हा पुन्हा हातांवर तोलायचं असतं. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो, हाड तिथूनच वाढतं. रोज तिथं मार बसत राहिला तर त्या थराला इजा होते, आणि दुर्लक्ष झालं तर हाडाची वाढही बिघडू शकते. डॉक्टरांकडं या दुखण्याला ‘जिम्नॅस्ट रिस्ट’ असं नावच आहे. ते वेळेत कळण्याची सोपी वाट म्हणजे पोरीनं ‘दुखतंय’ म्हणणं. आणि नेमकं तेच आपण कौतुक करकरून बंद पाडतो.

यावर हमखास केरी स्ट्रगचं नाव येतं. १९९६, अटलांटा. पहिल्या उडीत घोटा दुखावलेला असताना ती दुसऱ्यांदा धावली, उतरून एका पायावर उभी राहिली, अमेरिकेला सांघिक सुवर्ण. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या पुढचं सहसा कुणी सांगत नाही. सगळे गुण लागल्यावर दिसलं, की ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं. केरीला मात्र नंतरच्या वैयक्तिक फेऱ्यांत उतरता आलं नाही. आणि ती १८ वर्षांची होती, सहा नव्हे.

एलेना मुखिनाचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही. सोव्हिएत संघाची ही पोरगी १९७८ची जगज्जेती. मोडलेला पाय पुरता बरा झालेला नसताना ती एका अत्यंत धोकादायक उडीचा सराव करत होती. ३ जुलै १९८० ला, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, तिची मान मोडली. वय २०. हातापायांतली ताकद गेली ती गेलीच. २००६ मध्ये ती वारली.

आमच्याकडं मग तालमीचा दाखला देतात. मातीत घाम गाळल्याशिवाय मल्ल होतो का? नाही होत. पण तालीम म्हणजे नुसते जोर-बैठका नव्हेत. खुराक, मालीश, झोप हा तिचा अर्धा भाग आहे, आणि जाणता वस्ताद दुखावलेल्या पोराला हौद्याबाहेर बसवतो. चांदीच्या गावाला तर हे मी सांगायला नको. तार ओढत गेलं की कडक होत जाते. मध्ये तापवून मऊ केली नाही तर तुटते. तार कडक झाली म्हणून कुठला कारागीर स्टेटस ठेवतो?

ब्रिटनमध्ये २०२२ साली अ‍ॅन व्हाइट यांचा जिम्नॅस्टिक्सवरचा अहवाल आला. ४०० हून अधिक जणांनी आपलं म्हणणं मांडलं होतं. दुखापतीतही सराव करायला लावणं, रडू येईपर्यंत अंग ताणणं, असल्या तक्रारी त्यात आहेत. तिथल्याही कितीतरी आईबापांना तेव्हा ही शिस्तच वाटली असणार.

२०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्सनं ‘आज माझं शरीर हवेत कुठं आहे हे मला कळत नाहीये’ म्हणून सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली. तिला पळपुटी म्हणणारे निघालेच. २०२४ ला पॅरिसमध्ये, २७ व्या वर्षी, तिनं तीन सुवर्णपदकं घेतली.

तेव्हा येत्या रविवारी क्लासला गेल्यावर फोन खिशात ठेवा आणि सरांना सरळ विचारा, की पोरगी ‘बास’ म्हणाली तर तुम्ही काय करता? दाबणारा हात लगेच निघतो का? पुढच्या आठवड्यात तिला त्यावरून टोमणा बसतो का? आणि पालकांना आत बसून बघायलाच बंदी असेल, तर गाडी तिथूनच वळवा.