एक इंचाचा हिशेब

केप टाऊनहून आमच्या मामेभावाचा फोन आला की पहिली दहा मिनिटं सलाम-दुआ आणि मच्छीचे भाव यातच जातात. परवा मात्र तो थेट विषयावर आला. "आपा, कॅरव्हॅनला लहान चाकं लावतोय. दुल्हाभाईंना विचारा, काही बिघडेल का?"

कोकणातून गेलेली आपली माणसं केप टाऊनमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ आहेत. ईस्टरच्या सुट्टीत तिथली मुस्लिम कुटुंबं समुद्रकाठी तळ टाकतात. चुलत-मामे सगळे, बिर्याणीची डेगसुद्धा सोबत. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. भावाने नवं घर घेतलं आणि लक्षात आलं, कॅरव्हॅनचं छप्पर गॅरेजच्या दाराला जेमतेम दोन सेंटिमीटरने अडतंय. दार फोडण्यापेक्षा चाकं लहान करणं स्वस्त, असा त्याचा विचार.

आमच्या घरात यंत्रातलं कुणालाच कळत नाही. एक भाषा शिकवते, दुसरे बँकेत. मग आम्ही नाक्यावरच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी आधी विचारलं, "आत्ताच्या टायरवर काय लिहिलंय?" भावाने फोटो पाठवला: 185 आर 14 सी, पुढे 102/100. त्याला हवा होता 165 आर 13 सी, त्यावर 94/92.

आम्हाला वाटलं, टायरची उंची साडेपाच सेंटिमीटरने कमी झाली म्हणजे गाडी तेवढीच खाली येणार. चाचा हसले. आस चाकाच्या मधोमध असतो, त्यामुळे गाडी निम्मीच उतरते, म्हणजे सुमारे 27 मिलिमीटर. एक इंचाहून किंचित जास्त. भावाचं काम होत होतं! फोनवर त्याचा आवाज लगेच खुलला.

पण चाचांचं बोट त्या शेवटच्या आकड्यांवर होतं. 102 म्हणजे एका टायरने 850 किलो पेलायचे, 94 म्हणजे 670. (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जोडचाकांसाठी, तो इथे सोडून द्यायचा.) दोन चाकांचे जुने 1700, नवे 1340. सामान, पाणी, गॅस, भांडी भरल्यावर कॅरव्हॅनचं वजन 1480 पर्यंत जातं. मोटारीच्या हुकावर पडणारे नव्वदेक किलो वजा केले तरी चाकांवर 1390 उरतात. म्हणजे टायर पहिल्या किलोमीटरपासूनच शक्तीबाहेरचं ओझं वाहणार. शिवाय लहान चाक एका किलोमीटरला सुमारे 490 ऐवजी 534 फेऱ्या घेतं. उन्हात तापलेला रस्ता, ओझं आणि वेग एकत्र आले की असा टायर तापून फुटतो. मागचं घर हेलकावलं तर पुढची मोटारही हाताबाहेर जाते, आणि त्या मोटारीत मुलं असतात.

भाऊ म्हणाला, "अल्लाह मालिक आहे, आपा. चाळीस-पन्नासच्या वेगाने जाऊ." उर्दूच्या तासाला तवक्कुलचा अर्थ समजावताना आम्ही नेहमी सांगतो की आधी उंट बांधायचा. फोनवरही तेच सांगावं लागलं, जरा चढ्या आवाजात. थोडी कुरबूर झाली, फोन ठेवला गेला. दोन दिवस आम्हालाही करमलं नाही.

तोड काढली ती चाचांनीच. रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन 1150 किलो, म्हणजे लहान टायरच्या आवाक्यात. मग लहान चाकं फक्त गॅरेजपुरती ठेवायची. दारात सामान उतरवायचं, पाण्याची टाकी रिकामी करायची, जॅक लावून चाकं बदलायची आणि हाताने आत ढकलायचं. निघताना पुन्हा मोठी चाकं, नट पान्याने नीट आवळायचे, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासायचे. लहान रिमची भोकं जुळतात का आणि ती ब्रेकच्या ड्रमला घासत नाही ना, एवढं आधी बघायचं.

भावाने जुन्या बाजारातून दोन चाकं आणली. परवा व्हिडिओ आला. भाचे ढकलतायत, भावजय मागून "हळू, हळू" ओरडतेय, आणि छप्पर दाराखालून बोटभर अंतराने आत गेलं.

चाचांनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. तो व्हिडिओ मात्र तीनदा बघितला आणि विचारलं, "एवढं मोठं घर ओढत नेतात, मग तिथे हॉटेलं नाहीत का?"