बिल्डिंग पाडायला गेली तर कुत्र्याचं काय?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. कुत्रा आवडणाऱ्यांनी वाचाच, न आवडणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

येत्या रविवारी आमच्या घरी पिल्लू येतंय. आमच्या घरातलं पहिलंच. मुलगी सातवीत आहे, गेली तीन वर्षं मागे लागली होती आणि मी तीन वर्षं टाळत होतो. कारण होतं एक लॅब्रॉडॉर.

इथेच कोपरीत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक जुनी चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली. लोकांनी टेम्पो भरले. कुणी मुलुंडला गेलं, कुणी कळव्याला, कुणी थेट डोंबिवलीला. इमारत रिकामी झाली, भोवती पत्रे लागले. आणि जिथे गेट होतं तिथे पत्र्याला टेकून एक लॅब्रॉडॉर बसून राहिला. गळ्यात पट्टा तसाच. रिक्षा थांबली की मान वर करायचा, कोण उतरतंय बघायचा, पुन्हा मान खाली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी त्याला पाणी ठेवायच्या. आम्हीही दोन-चार वेळा दहीभात नेला. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याला दोनदा फाडला, कारण आयुष्यभर सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचे कायदे माहीत नसतात. पंधरा-वीस दिवसांनी तो दिसेनासा झाला.

मागाहून कळलं की त्या कुटुंबाला चार घरमालकांनी नकार दिला होता. "कुत्रा असेल तर घर नाही." मुलांची शाळा जवळ हवी, म्हातारे आईवडील बरोबर, महिन्याच्या आत घर रिकामं करायचं. मी त्यांना इथे शिव्या घालणार नाही. पण पिल्लू घरी आणलं त्या दिवशी कुणीतरी त्यांना विचारायला हवं होतं, की बाबांनो, बिल्डिंग पाडायला गेली तर याचं काय?

हा प्रश्न आज कोपरीत प्रत्येकाने विचारायला हवा. स्टेशनकडून बारा बंगल्याच्या बाजूला नुसती चक्कर मारा, पत्र्याआड गेलेल्या इमारती दिसतातच. आमची स्वतःची इमारत चाळिशी पार केलेली. कुत्रा साधारण बारा-चौदा वर्षं जगतो. तेवढ्या काळात आम्ही याच घरात असू असं छातीवर हात ठेवून सांगणारा आमच्या सोसायटीत एकही माणूस नाही. तरीही पिल्लू आणायची तयारी म्हटली की लोक काय करतात? वाटी, गादी, खेळणं, नाव. नावावर तर आमच्याकडे दोन संध्याकाळी भांडण चाललं. भाड्याच्या घराचं नाव मात्र कुणी काढत नाही.

म्हणून आम्ही वाटी घ्यायच्या आधी तिघांनी बसून कागदावर चार गोष्टी लिहिल्या.

पहिली गोष्ट. घर सोडावं लागलं तर कुत्र्याला चालणारंच घर शोधायचं, मग ते स्टेशनपासून लांब असलं तरी चालेल. रोज अर्धा तास जास्त चालायची तयारी आहे का? माझी आहे, बायकोची आहे. आणि तेही जमलंच नाही तर बदलापूरला माझी बहीण आहे, तळमजल्याचं घर आहे. तिला आधी विचारलं, तिने हो म्हटलं, तेव्हाच पुढे सरकलो.

दुसरी गोष्ट पैशांची. खाणं, लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, अधूनमधून डॉक्टर असं धरून आमचा हिशोब महिन्याला तीन हजारांचा निघाला. वर्षाचे ३६ हजार. बारा वर्षांचे ४ लाख ३२ हजार. महागाई धरलेली नाही, मोठं आजारपण धरलेलं नाही. हा आकडा कागदावर बघितल्यावर मुलगी पाच मिनिटं गप्प होती. मला वाटतं तिच्यासाठी ती पाच मिनिटं फार मोलाची होती.

तिसरी गोष्ट माझी आई. वय ७४. लहानपणी गावी तिला कुत्रा चावला होता आणि पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती जुनी लस आपल्याकडे वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाली, आता इंजेक्शन दंडात देतात. पण आईची भीती काही बंद झाली नाही. माझी मुलगी म्हणाली, "आजी, ते एवढंसं असतं." आई म्हणाली, "मला चावलं तेही कधीतरी एवढंसंच होतं की."

मंडळी, इथे आपण चुकतो. कुत्रा आवडणारा माणूस समोरच्याच्या भीतीला हसतो, मग समोरचा चिडतो आणि भांडण सोसायटीच्या ग्रुपवर जातं. आईला आम्ही पटवत बसलो नाही. तिच्या खोलीला लाकडी फाटक बसवलं, पिल्लू त्याच्या आत जाणार नाही असं ठरलं. दोन दिवसांनी तीच म्हणाली, "रात्री रडलं तर माझ्या दाराशी बांधू नका, झोपमोड होते." म्हणजे येणार हे तिने मान्य केलं!

चौथी गोष्ट, पिल्लू आणायचं कुठून. मुलीला हस्की हवा होता, मोबाईलवर बघून. बर्फातला कुत्रा ठाण्याच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवायचा आणि एसी लावून आपण प्राणीप्रेमी म्हणवून घ्यायचं, हे मला जमणार नव्हतं. विकत घेणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघा: २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोटो पाठवून, पिल्लाची आई न दाखवता, स्टेशनबाहेर खोक्यातून पिल्लू देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आमचं पिल्लू गल्लीतलंच आहे. बंद पडलेल्या रिक्षेखाली एका कुत्रीने सहा पिल्लं घातली, त्यातली दोन वाचली. नर लगेच कुणीतरी नेला. मादी राहिली. "मादी नको, पिल्लं घालते," हे वाक्य मी त्या एका महिन्यात पाच-सहा जणांकडून ऐकलं. अहो, नसबंदी नावाची गोष्ट आहे! मादी म्हणून तिला रस्त्यावर ठेवायचं आणि वर्षभराने रस्त्यावर कुत्री वाढली म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय?

आठ आठवडे होईपर्यंत आम्ही तिला आईपासून उचललं नाही. चावावं किती आणि थांबावं कधी, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. रविवारी आधी डॉक्टर, मग घर. लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर खाली सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लहान पिल्लांना मारतो. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. आमच्याकडे लिफ्ट नाही, तेव्हा तोवर गॅलरीत जुने पेपर. गॅलरीच्या ग्रिलला खालून जाळी मारली, वायरी वर बांधल्या, फिनेलची बाटली आणि उंदराचं औषध माळ्यावर टाकलं. आणि पिल्लाला दूध-पोळी घालणाऱ्या तमाम काका-काकूंना हात जोडून: दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट तर विषासारखंच.

आता सोसायटीबद्दल. आमच्याकडे कुणीतरी म्हणालंच, "ठराव करून बंदी घालू." तसं करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमत असलं तरी सोसायटी पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करू शकत नाही. पण कायदा खिशात आहे म्हणून जिन्यात घाण करून ठेवायची परवानगी मिळत नाही. मी पिल्लू यायच्या आधीच मजल्यावरच्या चारही घरांत जाऊन सांगून आलो. पहिल्या आठवड्यात रात्री रडेल, सांभाळून घ्या. जिन्यात काही झालं तर मला फोन करा, मी येऊन पुसेन. समोरच्या काकूंनी नाक मुरडलं, पण दार लावताना विचारलं, "नाव काय ठेवणार?"

हे सगळं सांगतोय कारण २०२५ च्या ऑगस्टपासून आपल्या प्रत्येक ग्रुपवर कुत्र्यांवरून युद्ध चाललंय. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जागेवर परत सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असं सांगितलं. आपण तर स्टेशनच्या दारातच राहतो. एक बाजू म्हणते सगळी हटवा, दुसरी म्हणते हात लावाल तर खबरदार. चावलेल्या मुलाच्या आईचं दुःख खरं आहे. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, म्हणून चावल्यावर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हळद-चुना लावत बसायचं नाही. पण पत्र्याला टेकून बसलेला तो लॅब्रॉडॉरही खरा आहे. तो रस्त्यावर जन्मला नव्हता. त्याला आपल्यातल्याच एका घराने रस्त्यावर आणलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न महापालिकेचा आहेच, पण त्याचा एक तुकडा आपल्या उंबरठ्याच्या आत आहे. नसबंदी न केलेला पाळीव कुत्रा आणि हौस फिटल्यावर सोडलेला कुत्रा, हे दोन्ही आपण पुरवतो.

दोन गोष्टी आपण करू शकतो. पुनर्विकासाची बोलणी करताना आपण भाडं, टेम्पोचा खर्च, ब्रोकरेज, कॉर्पस सगळं घासाघीस करून लिहून घेतो. त्याच यादीत प्रत्येक सोसायटीने कुठल्या घरात पाळीव प्राणी आहे तेही लिहावं आणि प्राणी चालणारी भाड्याची घरं आधीपासून शोधायला लागावं. आमच्या पुढच्या सभेत मी हा विषय मांडतोय. दुसरी गोष्ट महापालिकेकडे. नौपाडा-कोपरी प्रभाग समितीच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस तरी कुत्र्याची नोंदणी, परवाना आणि रेबीजची लस एकाच टेबलावर मिळावी. रांग लावायला आम्ही येऊ.

आणि ज्या घरमालकांनी जाहिरातीत "पाळीव प्राणी नको" लिहिलंय, त्यांना विनंती: दोन महिन्यांचं डिपॉझिट जास्त घ्या, आधी येऊन कुत्रा बघा, पण दार थेट लावू नका. तुमच्या त्या तीन शब्दांनी एखादा कुत्रा पत्र्याबाहेर बसतो.

नाव अजून ठरलेलं नाही. मुलीचं म्हणणं चिंगी, आईचं म्हणणं काहीही ठेवा पण हाक मारली की थांबणारं ठेवा.

तुमच्याकडे प्राणी चालणारं भाड्याचं घर असेल, ठाणे पूर्व, मुलुंड, कळवा कुठेही, तर खाली लिहा. आम्हाला आज नको आहे. पण कोपरीतल्या कुणाला तरी आजच हवं असेल.

#कोपरी #ठाणेपूर्व