ह्रस्व-दीर्घाची चाळणी

मुलाला लिहिता येते की नाही हे ठरविण्याचा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा मार्ग ठरलेला आहे : वेलांट्या आणि उकार मोजावयाचे. पाचवीचे श्रुतलेखन असो, दहावीचा निबंध असो की नोकरीसाठी आलेला तरुणाचा अर्ज असो, लाल शाई प्रथम तेथेच सांडते. वाक्य पुरे झाले काय, एका विधानातून दुसरे निघते काय, ही तपासणी नंतर, पुष्कळदा नाहीच.

हे मोजमाप तटस्थ असल्याचा डांगोरा पिटला जातो. वस्तुतः मराठी शब्द नुसता ऐकून त्यातील ह्रस्व-दीर्घ ठरत नाही. नियम तो व्युत्पत्तीवरून ठरवितो. ‘फूल’ मराठी म्हणून दीर्घ, ‘कुल’ संस्कृत म्हणून ह्रस्व, आणि ‘फुलाला’ म्हणताच तोही उकार ह्रस्व! दहा वर्षांच्या मुलाने लिहिण्याआधी शब्दाची वंशावळ शोधावी, अशी ही अपेक्षा आहे. ज्या घरी पुस्तके आहेत तेथे ती डोळ्यांच्या सवयीने आपोआप पुरी होते. ऊसतोडणी कामगाराच्या, अर्धे वर्ष फडावर काढणाऱ्या मुलाने ती कोठून पुरी करावी? मेळघाटातील कोरकू मुलाला तर मराठी हीच परभाषा. तेव्हा या चाळणीतून जे मोजले जाते ते शाळेचे शिकविणे नव्हे, घरची मिळकत होय.

बरे, हे नियम अनादी आहेत असेही नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्यापूर्वी उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार न देणारा विद्यार्थी चुकत होता. त्यानंतर ते देणारा चुकू लागला. आणि शुद्धतेच्या या शस्त्राची धार कोणावर चालते हे नवे नाही. निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या मतांबरोबर त्यांच्या भाषेचीही टर उडविलीच होती.

खरे कारण अर्थशास्त्रीय आहे. चुका मोजणे स्वस्त पडते. लेखन वाचून मुलाशी बोलावयाचे तर शिक्षकाला वेळ द्यावा लागतो, म्हणजे शिक्षक नेमावे लागतात. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या मुलांपुढे पर्याय निवडण्याचे प्रश्न ठेवले गेले. स्वतःचे एक वाक्य लिहिण्याची गरज त्यांत नव्हती. जे शासन मोजीत नाही त्यावर ते खर्चही करीत नाही.

यावर आपल्यातील काही उत्साही मंडळी म्हणतात, नियमच मोडीत काढा. हा उपाय श्रीमंतांच्या सोयीचा आहे. त्यांचे लेखन दुरुस्त करून द्यायला माणसे आहेत. मजुराच्या मुलीचा अर्ज मात्र पहिल्याच ओळीला बाजूला पडेल. नियम तिला शिकविलेच पाहिजेत, आणि शाळेनेच शिकविले पाहिजेत. परंतु आशयाचे गुण वेगळे, लेखननियमांचे वेगळे द्यावेत. घरच्या बोलीतून आलेला ‘पानी’ हा शब्द आणि अर्धवट सोडलेले वाक्य यांना एकच दंड नसावा. आणि न शिकविलेल्या नियमाबद्दल गुण कापू नयेत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. जेथे आपले कार्यकर्ते या समित्यांत आहेत तेथे त्यांनी पुढील बैठकीत निकालपत्रके नव्हे, मुलांच्या निबंधाच्या वह्या मागवाव्यात, आणि वर्षभरात मुलांनी स्वतःच्या मनाने किती पाने लिहिली हे मुख्याध्यापकांना विचारावे.