तज्ज्ञ कोणाचा?

आमच्या उरणमध्ये कुठल्याही प्रकल्पाची चर्चा निघाली, की पाच मिनिटांत एक वाक्य येतंच. "अहो, तज्ज्ञांनी अभ्यास करून सांगितलंय." हे वाक्य आलं की समोरचा माणूस गप्प बसतो. शाळेत "गुरुजींनी सांगितलंय" म्हटल्यावर आपण बसायचो तसा. मला त्यावर फक्त एकच विचारायचं असतं : तज्ज्ञ कोणाचा? त्याला नेमलं कोणी, पैसे कोणी दिले, आणि त्याने नको असलेलं काही लिहिलं असतं तर ते छापलं असतं का?

आजचा विषय आहे समुद्रातले सस्तन प्राणी. डॉल्फिन, देवमासा, पॉरपॉइज. हसू नका. "माणसांचं बघायला कोणाला वेळ नाही आणि तू माशांचं काय घेऊन बसलास," हे आमच्या घरातल्या काकांचं वाक्य मला पाठ आहे. (काका, तो मासा नाही. पिल्लाला दूध पाजतो. पण ते असो.)

आधी आपल्या समुद्रात आहे काय ते सांगतो. आपल्या किनाऱ्यालगत दोन प्राणी मुख्य. एक पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन, सिंधुदुर्गाकडे ज्याला 'गादा' म्हणतात. दुसरा फिनलेस पॉरपॉइज, ज्याच्या पाठीवर परच नसतो. दोघांनाही उथळ, गढूळ, किनाऱ्याजवळचं पाणी लागतं. म्हणजे नेमकं तेच पाणी, जिथे आपण बंदरं बांधतो, गाळ उपसतो, पाइपलाइन टाकतो आणि पुलाचे खांब रोवतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग फारसा नाही. हे प्राणी आवाज सोडतात, त्याचा प्रतिध्वनी ऐकतात आणि त्यावर वाट शोधतात, भक्ष्य पकडतात. त्यांच्या समुद्रात सतत जहाजांची घरघर चालू ठेवणं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर चोवीस तास बॅटरी धरण्यासारखं आहे. शिवाय मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षं जातात. एकदा संख्या घसरली की ती भरून यायला पिढी जाते.

आता गंमत बघा. पर नसलेला पॉरपॉइज पाण्याबाहेर क्षणभर येतो, उडी मारत नाही, नुसती काळी पाठ दिसते न दिसते. जरा लाटा असल्या तर सवयीच्या माणसालाही तो दिसत नाही. मध्यंतरी एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचला. कोणता ते सोडा. शेकडो पानांच्या त्या बाडात सागरी सस्तन प्राण्यांवर दीड ओळ होती : पाहणीदरम्यान आढळले नाहीत. पाहणी किती दिवस? कोणत्या ऋतूत? समुद्र शांत होता का? पाण्याखाली आवाज टिपणारं यंत्र सोडलं होतं का? काही नाही. "दिसले नाहीत" आणि "नाहीत" यांत केवढा फरक आहे, हे सांगायलाच तर त्या विषयातला माणूस लागतो. आणि तो तिथे नव्हता.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे ना! १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. डॉल्फिन आणि देवमासे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण वाघाच्या जंगलातून रस्ता काढायचा म्हटलं तर निदान आरडाओरडा होतो. समुद्रातल्या वाघासाठी ओरडणार कोण? २०१८ च्या जूनमध्ये आमच्या केगावच्या किनाऱ्याला देवमाशाचं शव लागलं, तेव्हा अख्खं उरण बघायला लोटलं होतं. २०१५ ला रेवदंड्याला ब्लू व्हेल जिवंत लागला आणि लोकांच्या धडपडीनंतरही वाचला नाही. २०१६ ला जुहूला, २०२३ ला गणपतीपुळ्याला. प्रत्येक वेळी तेच. गर्दी, मोबाइल, जेसीबी, खड्डा, बातमी. केंद्र सरकारने २०२१ च्या जानेवारीत अशा वेळी काय करावं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, ते चांगलंच झालं. पण त्या मेलेल्या किंवा मरणाऱ्या प्राण्यासाठी आहेत. जिवंत असताना त्याच्या वतीने शास्त्र कोण बोलणार?

आपल्याकडची पद्धत अशी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ज्याला प्रकल्प करायचाय त्यानेच सल्लागार नेमायचा, त्यानेच पैसे द्यायचे आणि अहवालही त्यानेच सादर करायचा. म्हणजे नवऱ्या मुलाच्या बापानेच भटजी ठरवायचा आणि त्याच भटजीने पत्रिका जुळते की नाही ते सांगायचं. भटजी लबाड असतो असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणणाऱ्या भटजीला पुढच्या लग्नाचं बोलावणं येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं! पुढे सरकारची तज्ज्ञ समिती तो अहवाल तपासते हे खरं, पण तपासायचं काय, तर समोर ठेवलेलाच कागद.

याच १९७२ साली अमेरिकेतही कायदा झाला, खास सागरी सस्तन प्राण्यांसाठी. त्यात एक स्वतंत्र आयोग आहे. तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला नऊ शास्त्रज्ञांची समिती. या प्राण्यांच्या पकडण्या-मारण्यातून ज्याला फायदा होऊ शकतो तो माणूस आयोगावर बसू शकत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम असं : आयोगाने शिफारस केली, की सरकारी खात्याने १२० दिवसांत उत्तर द्यायचं. शिफारस मानायची नसेल तर मानू नका, पण का मानत नाही ते सविस्तर लेखी सांगा. बस्स. एवढ्या एका ओळीने तज्ज्ञाची किंमत बदलते. ब्रिटनमध्ये १९७० च्या सील संवर्धन कायद्याने सरकारला शास्त्रीय सल्ला देण्याची जबाबदारी एका संशोधन परिषदेवर टाकली, आणि सीलवरच्या समितीचा सल्ला प्रसिद्धही होत आला. कोणीही वाचावा.

"ते श्रीमंत देश, त्यांचं वेगळं," हे उत्तर तयार असेलच. म्हणून घरचं उदाहरण देतो. डहाणू! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं. उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, आणि जलविज्ञान, समुद्रविज्ञान, परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी अशा विषयांचे जाणकार सदस्य. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून जास्त काळ अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला आणि तो नकार टिकला. २०१९ च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. २०२३ च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने वाढवणला संमती दिली, आणि २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. त्यात ७४ टक्के वाटा आमच्या उरणच्या जेएनपीएचा! १९९८ चा निर्णय बरोबर की २०२३ चा, हा वाद इथे घालत नाही. मला एवढंच दिसतं की फलक तोच राहतो आणि आतली माणसं बदलतात. म्हणून ती माणसं कोण आणि कशी निवडतो, हाच सगळा प्रश्न आहे.

"पण कंपनीच्या पैशाशिवाय अभ्यास होणार कसा?" हा मात्र रास्त प्रश्न. रशियाच्या साखालिन बेटाजवळ तेलाचा मोठा प्रकल्प आला, नेमका तिथे, जिथे सुमारे शंभरच उरलेले पश्चिमेकडचे करडे देवमासे चरायला येत. कर्ज देणाऱ्या बँकांचा दबाव होता. आययूसीएन या संस्थेने स्वतंत्र शास्त्रज्ञांची समिती बसवली. पैसा कंपनीचा, पण नेमणूक आययूसीएनची आणि अहवाल जाहीर. २००५ मध्ये पहिला अहवाल आला आणि कंपनीने समुद्रातली पाइपलाइन सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला सरकवली. तेलाचा प्लॅटफॉर्म मात्र हलवला नाही. म्हणजे पूर्ण विजय नाहीच, पण अर्धी भाकरी मिळाली.

आता तीच आययूसीएन ओडिशात धामरा बंदराला सल्ला द्यायला आली, ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. आणि तिथे आपल्याच देशातल्या अनेक कासव-अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. का? कारण स्थानिक जाणकारांना विश्वासात घेतलं नाही आणि बंदर कुठे करायचं ते आधीच ठरून गेलं होतं. उरला होता फक्त "दिवे कोणत्या रंगाचे लावू" छापाचा सल्ला. यातून माझ्यापुरता मी धडा घेतला तो असा : कंपनीचा पैसा हे विष नाही, पण तो मधल्या हातातून यायला हवा. आणि तज्ज्ञ निर्णयाच्या आधी बोलवायला हवा. निर्णयानंतर बोलावलेला तज्ज्ञ म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणारा.

तर मागणी काय? रायगड-मुंबईच्या समुद्रासाठी सागरी सस्तन प्राण्यांची एक कायम सल्लागार समिती. सदस्यांची भरती जाहिरात देऊन, उघडपणे. ठरावीक मुदत, मधेच काढता न येणारी. मानधन पुरेसं. 'मानद सदस्य' हा आपल्याकडचा मोठा चकवा आहे. फुकट काम फक्त निवृत्तांना परवडतं, नाहीतर ज्याचा पगार दुसरीकडून येतो त्याला. कोकणात तरुण संशोधक होडीत बसून वर्षानुवर्षं डॉल्फिन मोजतायत. कोकण सिटेशियन रिसर्च टीमने २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ ब्लू व्हेलची मादी आणि पिल्लू पाहिलं, ते असंच चिकाटीने. त्यांना बोलवा, पण चहा-बिस्किटावर नको. प्रत्येकाने गेल्या काही वर्षांत कोणाकडून पैसे घेतले ते जाहीर करावं. अहवाल मराठीत आणि वेळेत छापावा. सरकारने मुदतीत लेखी उत्तर द्यावं. आणि एक-दोन जागा करंजा, मोरा, हनुमान कोळीवाड्यातल्या मासेमारांना, कारण जाळ्यात काय अडकतं आणि कुठल्या महिन्यात काय दिसतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

"कांदळवन कक्ष आहे, सीएमएफआरआय आहे, एनआयओ आहे, अजून समिती कशाला?" आहेत, आणि तिथे मन लावून काम करणारी माणसंही आहेत. २०१८ मध्ये राज्य सरकारने, जाळं कापून असा प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, ती चांगलीच होती. पण बंदर सरकारचं, रस्ता सरकारचा आणि सल्ला देणाराही सरकारचा नोकर, म्हटल्यावर त्याच्या बदलीची आणि बढतीची सही कोण करतो, हे विसरून कसं चालेल? त्यालाही बाहेरच्या आवाजाचा आधारच होईल.

आणि आता आमच्या बाजूच्या मित्रांना चार शब्द, म्हणजे शिव्या दोन्हीकडून मिळतील. आपल्यालाही स्वतंत्र तज्ज्ञ नको असतो. आपल्यालाही आपल्या बाजूचा हवा असतो. स्वतंत्र माणूस उद्या म्हणू शकतो की या ठिकाणी या प्रकल्पाने गाद्यांना फारसा धोका नाही, खरा धोका तुमच्याच जाळ्यांचा आहे. ते ऐकून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर आपण तज्ज्ञ नाही, वकील शोधतोय. मला साक्षीदार हवाय. खरं सांगणारा, मग ते मला कडू लागलं तरी.

उरणकरांना कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. १९८४ च्या आंदोलनात आपण माणसं गमावली, साडेबारा टक्क्यांसाठी किती चपला झिजवल्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींवर भरपाई देण्याचा आदेश दिला, तोही लोक कागद घेऊन उभे राहिले म्हणून. गाद्याला अर्ज करता येत नाही, तारखेला हजर राहता येत नाही. त्याच्या समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही.

तेव्हा पुढच्या जनसुनावणीला गेलात (जा!), तर माइक हातात आल्यावर लांब भाषण करू नका. तीनच प्रश्न विचारा. सस्तन प्राण्यांचा अभ्यास कोणी केला? त्याला नेमलं कोणी? त्याचा पूर्ण अहवाल कुठे वाचायला मिळेल? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर नाही मिळालं, तर "उत्तर मिळालं नाही" एवढं तरी लिहून घ्या.

काका, तुमची प्रतिक्रिया अपेक्षित आहेच. बाकीच्यांनीही कळवा, विरोधात असली तरी.