हेड कोरून ट्रॅक्टरला बळ येत नाही

आज पिकावर नाही, लोखंडावर लिहितोय, आणि जरा रागानंच लिहितोय.

पेरणी तोंडावर आली की ट्रॅक्टरची कामं निघतात. आमच्या भागात सध्या एक नवं खूळ शिरलंय. हेड उतरवलंच आहे, तर स्प्रिंगची बैठक कोरून मोठी करा, जाड दुहेरी स्प्रिंगा घाला, मग बघा ट्रॅक्टर कसा ओढतो! माझं म्हणणं सरळ आहे. शेतातल्या ट्रॅक्टरला याची गरज नाही, आणि या नादात चांगलं हेड कायमचं जाऊ शकतं.

व्हॉल्व्हची स्प्रिंग ताकद तयार करत नाही. कॅमनं उघडलेला व्हॉल्व्ह वेळेत परत बसवायचा, एवढंच तिचं काम. फेरे फार वाढले की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो. त्याला आवरायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. 2000 चे 6000 फेरे केले, तर जोर 9 पट लागतो. रेसच्या इंजिनाला हार्ड स्प्रिंग लागते ती म्हणून. आपला ट्रॅक्टर 2000-2200 च्या आसपास चालतो, पुढं गव्हर्नर जाऊ देत नाही. रोटाव्हेटर, मळणीयंत्र पीटीओच्या 540 फेऱ्यांच्या हिशोबानं बनलेलं. मग जास्तीचे फेरे न्यायचे कुठं?

आता नुकसान बघा. 2200 फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1100 वेळा उघडतो. 8 तासांत 5 लाख 28 हजार वेळा. स्प्रिंग विनाकारण कडक केली, की तो जादा दाब एवढ्या वेळा कॅम, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकरनं सोसायचा. फायदा शून्य, झीज रोजची.

कोरण्याचा धोका तर आणखी मोठा. बैठकीच्या खाली पाण्याची पोकळी असते. मधली भिंत किती जाड आहे ते वरून दिसत नाही, आणि ओतीव कामात ती सगळीकडं सारखी नसते. कटर जरा जास्त उतरला की भोक. भोक नाही पडलं तरी पातळ झालेली भिंत तापून-निवून पुढं तडकू शकते. मग पाणी ऑइलमध्ये, आणि ऐन वापशाला ट्रॅक्टर शेडात.

बरं, बैठक खोल केली की स्प्रिंगला जागा जास्त मिळते, म्हणजे तिचा जोर उलट कमी होतो. समजा स्प्रिंग मिलिमीटरला 3 किलो जोर देते. 2 मिलिमीटर खोल गेलात, तर 6 किलो गेले. आणि जागा कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना वेटोळ्याला वेटोळं टेकतं, पुशरॉड वाकतो. हे न मोजता "बसली बघा स्प्रिंग" म्हणणाऱ्याला कारागीर कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, टर्बोला लागतं की! खरं आहे, पण कुठल्या टर्बोला? 40 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हवर मागून चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाब आला, तर सुमारे साडेबारा किलोचा ढकला बसतो. कंपनीच्या टर्बोचा हा हिशोब कंपनीनं आधीच धरलेला असतो. अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धा होतात, त्यांची राष्ट्रीय संघटना 1969 पासून आहे. तिथं दाबही प्रचंड आणि फेरेही, म्हणून त्यांना हे काम करावंच लागतं. पण त्यांची ओढ सुमारे 100 मीटरची, काही सेकंदांची. आपल्याला दिवसभर नांगरायचं आहे.

ओढ कमी झाली असेल, तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नोझल, पंप आणि कॉम्प्रेशन तपासा. टॅपेट सेटिंग करून घ्या. हेड उतरलंच असेल, तर सीट, गाईड आणि जुन्या स्प्रिंगांची उंची, सरळपणा, दाब मॅन्युअलच्या आकड्यांशी जुळवा. स्प्रिंग दमली असेल, तर त्याच मापाची नवी घाला.

आणि कुणी कोरायचंच म्हणाला, तर चार गोष्टी विचारा: भिंतीची जाडी किती, बसवल्यावर स्प्रिंगची उंची किती, त्या उंचीला दाब किती, आणि काम झाल्यावर हेडची पाण्याच्या दाबाखाली तपासणी करणार का? उत्तरं आकड्यात मिळाली नाहीत, तर हेड उचला आणि घरी या. ते पैसे बियाण्याला लावा.