आधी खुराडे पाहा, मग पाय

तुमच्यापैकी कित्येकांच्या परसात चार-सहा कोंबड्या असतील. एखादी लंगडू लागली, तिचा तळवा सुजला आणि मधोमध काळी खपली दिसली, की घरात दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, दाढीच्या पात्याने गाठ कापणे. दुसरा, माणसासाठी आणलेली उरलेली प्रतिजैविकाची गोळी चारणे. माझ्या मते हे दोन्ही उपाय घरी करू नयेत. घरी करण्याजोगे काम वेगळेच आहे.

तळव्याच्या कातडीला बारीकशी इजा होते आणि तेथून जंतू आत शिरतात. ते बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जातीचे असतात. माणसाला गळू होते तेही बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. जंतू सर्वत्र आहेतच. त्यांना दार उघडून देते ती इजा. मग इजा कशाने होते? येथे पदार्थविज्ञान उपयोगी पडते.

दीड मीटर उंच दांडीवर बसलेल्या २ किलोच्या कोंबडीची स्थितिज ऊर्जा सुमारे २९ ज्यूल असते. अर्ध्या मीटरवर ती १० ज्यूलच भरते. उतरताना पंख फडफडवून कोंबडी यातील काही ऊर्जा हवेत घालवते. उरलेली पायांना सोसावी लागते. जमीन टणक असेल, तर पाय फार थोड्या अंतरात थांबतो आणि बल मोठे होते. खाली भाताच्या तुसाचा जाड थर असेल, तर हे अंतर वाढते आणि बल घटते. खडीच्या टोकावर तेच बल लहानशा क्षेत्रफळावर येते, म्हणून दाब कितीतरी वाढतो. गिरिराज, वनराज अशा वजनदार कोंबड्यांना तर हा धोका अधिकच.

म्हणून दांडी अर्ध्या मीटरवर आणा. ती चारपाच सेंटिमीटर रुंद आणि कडा घासून गोल केलेली असावी. तूस कोरडे ठेवा. ओल्या तुसाने कातडी मऊ पडते. खाण्यात हिरवा पाला द्या. अ जीवनसत्त्व कमी पडले की तळव्याची कातडी दुबळी होते.

सूज नुकतीच असेल, तर हातात मोजे घालून पाय दहा मिनिटे कोमट मिठाच्या पाण्यात धरा. नंतर कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावा आणि सैलसर पट्टी बांधा. पट्टी रोज बदला व हात साबणाने धुवा.

पाते का नको? पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो पातळ करणारी विकरे त्यांच्या पांढऱ्या पेशींत कमी असल्याने पनीरासारखा घट्ट गोळा बनतो. तो दाबून निघत नाही. कापावे तर खाली लगेच स्नायुबंध आणि हाडे आहेत. शिवाय कोंबडी ओरडली नाही, म्हणजे तिला दुखत नाही असे नव्हे.

गोळी का नको? १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले, ते स्टॅफिलोकॉकस वाढवलेल्या बशीतच. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, असा इशारा त्यांनीच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला. अंदाजाने चारलेली अर्धी गोळी हेच करते. शिवाय औषधाचा अंश अंड्यांतून आपल्याच ताटात येतो.

कोणी म्हणेल, कोंबडीच्या किमतीपेक्षा तालुक्याच्या एस.टी.चे भाडे जास्त, मग पशुवैद्याकडे कोण जाणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तेथे जाण्याची वेळ येऊ न देणे, हा खरा उपाय. तरीही सूज वाढली, आत टणक गाठ लागली किंवा कोंबडी पाय टेकेनाशी झाली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातच न्या.

आज संध्याकाळी मोजपट्टी घ्या आणि आपल्या खुराड्यातील दांडीची उंची मोजा. एका कोंबडीचा पाय सुजला असेल, तर बाकीच्यांचे तळवेही उलटून पाहा. दांडी तर सर्वांची एकच आहे!